लोखंडाचा कीस आणि चोपन्न वर्षे

चार वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका वाचनालयात मी मोटारींच्या इतिहासावर व्याख्यान दिले. पन्नासेक श्रोते होते, त्यांत निम्मे निवृत्त. शेवटी शेवटी मी चुंबकीय सस्पेन्शनवर आलो आणि मोठ्या ठसक्यात सांगितले, की खड्डा येताच क्षणात घट्ट होणाऱ्या या शॉकअपचा शोध अमेरिकेतल्या डेल्फाय कंपनीने २००२ साली लावला. टाळ्या पडल्या. सभागृह रिकामे होत असताना भौतिकशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक माझ्याजवळ आले.

"तुम्ही म्हणता तो द्रव मी कॉलेजात असताना एका जुन्या पुस्तकात वाचलाय. एकोणीसशे अठ्ठेचाळीसचा. मग तो गाडीत यायला चोपन्न वर्षं कशी लागली?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. "सर, ते काहीतरी वेगळं असेल," असे म्हणून मी वेळ मारून नेली. सर हसले, नमस्कार करून गेले. पण तो प्रश्न काही गेला नाही. सरांचे बरोबर होते आणि माझे चूक होते, हे कळायला मला पंधरा दिवस लागले. चोपन्न वर्षांचा हिशोब लागायला मात्र पुढची तीन वर्षे गेली.

मी अभियंता नाही. आयटीआयचा टर्नर. उमेदीची बावीस वर्षे भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात शॉकअपचे रॉड ग्राइंड करण्यात गेली. इंग्रजी शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. जुनी पेटंट कोणालाही फुकट वाचता येतात, हे कळल्यावर माझे खरे शिक्षण सुरू झाले. तेव्हा इथे जे मांडतो आहे, ते एका रॉड घासणाऱ्याच्या नजरेतून आहे, हे वाचकांनी आधीच लक्षात घ्यावे.

शॉकअपचे काम काय, यावर बहुतेकांचा गैरसमज असतो. धक्का झेलते ती स्प्रिंग किंवा पाटा. पण स्प्रिंग दाबली की पुन्हा उसळते, उसळली की पुन्हा दबते. ही उसळी जिरवायचे काम शॉकअपचे. नळीत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोके आणि झडपा. तेल त्या भोकांतून जबरदस्तीने जाते, तापते आणि उसळीची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. भोके मोठी ठेवली तर गाडी मऊ चालते, पण वळणावर होडीसारखी कलते. लहान ठेवली तर गाडी रस्त्याला चिकटून राहते, पण प्रत्येक खडा कमरेत कळतो. एकदा कारखान्यातून बाहेर पडल्यावर भोके बदलत नाहीत. साध्या गाडीत मधला मार्ग काढून भागते. वेगवान गाडीत मात्र इकडे आड आणि तिकडे विहीर, कारण तीच गाडी घेऊन माणूस शर्यतीच्या ट्रॅकवरही जाणार आणि बायकामुलांना घेऊन गावालाही जाणार.

भोके न बदलता तेलच बदलता आले तर? पातळ हवे तेव्हा पातळ, दाट हवे तेव्हा दाट. हा विचार ज्याने प्रत्यक्षात आणला, तो मोटार कंपनीतला नव्हताच.

जेकब रॅबिनोव यांचा जन्म १९१० सालचा, खारकिव्हचा. युद्ध आणि क्रांतीच्या धामधुमीत कुटुंब सायबेरियात गेले, तिथून चीनमध्ये. तिथे वडील वारले. १९२१ मध्ये उरलेले कुटुंब अमेरिकेत पोचले. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजातून रॅबिनोव अभियंता झाले, पण तो मंदीचा काळ. बरीच वर्षे रेडिओच्या कामावर काढल्यावर १९३८ मध्ये त्यांना वॉशिंग्टनला नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या सरकारी संस्थेत नोकरी लागली. काम काय, तर नदीच्या प्रवाहाचा वेग मोजणारी यंत्रे तपासून देणे. या कारकुनी वळणाच्या कामातून उठून हा माणूस आयुष्यात दोनशेहून अधिक अमेरिकी पेटंटांचा धनी झाला. छापील अक्षरे वाचणारे यंत्र, आपोआप वेळ सुधारून घेणारे मोटारीचे घड्याळ, चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठवण्याची युक्ती, असे काय काय त्यात आहे.

१९४७-४८ मध्ये त्यांनी चुंबकीय द्रवाचा क्लच केला. कृती वाचली तर पाककृतीसारखी वाटते: वजनाने नऊ भाग लोखंडाची अतिसूक्ष्म पूड, एक भाग तेल. तेल सिलिकॉनचे चालेल, खनिज चालेल, रॉकेलही चालेल. दोन चकत्यांच्या मध्ये हा राबडा भरायचा. चुंबक नसताना चकत्या एकमेकींवरून सहज फिरतात. भोवतीच्या कॉइलमध्ये वीज सोडली, की लोखंडाचे कण चुंबकीय रेषांवर साखळ्या धरून उभे राहतात आणि चकत्या एकमेकींना पकडतात. वीज बंद, साखळ्या मोडल्या. या पकडीची ताकद दाखवण्यासाठी त्यांनी अशाच एका उपकरणाला ५३ किलो वजनाची एक तरुणी लोंबकळवून दाखवली होती.

त्याच सुमारास कोलोरॅडोत विलिस विन्सलो नावाचे गृहस्थ विजेच्या दाबाने घट्ट होणाऱ्या द्रवावर काम करत होते. त्यांचे पेटंट १९४७ चे, म्हणजे थोडे आधीचे. पण त्या द्रवाला हजारो व्होल्ट लागतात आणि त्याची पकडही चुंबकीय द्रवाच्या मानाने फार कमी. रॅबिनोव यांच्या द्रवाला गाडीच्या बॅटरीचे १२ व्होल्ट पुरतात. गंमत अशी, की पुढची तीस-चाळीस वर्षे संशोधकांचे जास्त लक्ष विन्सलो यांच्याच द्रवाकडे राहिले.

आता माझी चूक. रॅबिनोव यांचे क्लचचे पेटंट १९५१ मध्ये मंजूर झाले. ते मला लवकर सापडले आणि मी मनाशी म्हटले, ठीक आहे, द्रव यांचा असेल, पण शॉकअप तर डेल्फायचाच ना! मग एका रात्री १९५४ चे दुसरे पेटंट समोर आले. त्याच माणसाचे. आणि नावच 'चुंबकीय द्रवाचा शॉक अब्झॉर्बर'! त्या रात्री मला झोप लागली नाही. अमेरिकेत तेव्हा पेटंटची मुदत मंजुरीपासून सतरा वर्षे असे. म्हणजे १९७१ मध्ये ही कल्पना जगाला खुली झाली. कोणीही उचलावी आणि करावी. पुढची तीस वर्षे कोणत्याही मोटार कंपनीने ती उचलली नाही.

बरे, मोटारवाल्यांना रॅबिनोव ठाऊक नव्हते असेही नाही. १९५९ मध्ये इंग्लंडच्या हिलमन मिंक्स गाडीत स्मिथ्स कंपनीचा 'ईझीड्राइव्ह' नावाचा स्वयंचलित गिअर आला. त्यात लोखंडाची पूड भरलेले चुंबकीय क्लच होते. १९८७ च्या सुमारास सुबारूने जस्टी या छोट्या गाडीत पुडीचाच चुंबकीय क्लच दिला. कारखान्यांत तर कागदाची रिळे आणि तारा गुंडाळताना ताण सांभाळायला असे क्लच आजही सर्रास वापरतात. पण या सगळ्यांत पूड कोरडी आहे. तेल नाही. रॅबिनोव यांच्या कृतीतला एक भाग सगळ्यांनी गाळला, आणि शॉकअप तर तेलावाचून होत नाही.

तेल का गाळले, हे कागद वाचून मला उमगले नाही. ते उमगले स्वयंपाकघराच्या ओट्यावर.

मी लोखंडाचा कीस कुटून वस्त्रगाळ केला, गोडेतेलात कालवला. मेडिकलमधून सुई नसलेल्या दोन मोठ्या सिरिंज आणल्या, त्यांची तोंडे प्लास्टिकच्या नळीने जोडली आणि आत ते मिश्रण भरले. एकीचा दट्ट्या दाबला की दुसरीचा बाहेर येतो. तोच शॉकअप. जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला चुंबक नळीला लावला आणि दट्ट्या जागीच थबकला. अंगठा दुखेपर्यंत दाबला तरी जेमतेम सरकला. चुंबक काढला, पुन्हा सुळकन पुढे. सौभाग्यवतींना बोलावून तीनदा दाखवले. त्यांनी तेल कोणते घेतले एवढेच विचारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो तेल वर, कीस खाली, आणि खालचा कीस आमटीच्या तळाशी बसलेल्या डाळीसारखासुद्धा नाही, दगडासारखा. हलवून ढिम्म. काडीने उकरून तो मोकळा केला आणि पुन्हा तासभर दट्ट्या चालवला, तर सिरिंजच्या आतल्या रबराला चरे पडून तेल झिरपायला लागले.

ज्याने बावीस वर्षे शॉकअपचे रॉड घासलेत, त्याला ते चरे पाहून सगळे कळते. रॉडवर कठीण क्रोमचा मुलामा असतो. तो आरशासारखा गुळगुळीत करावा लागतो, कारण ऑइल सीलचे आयुष्य त्यावर अवलंबून असते. तेलात धूळ गेली तरी मालक ओरडायचे. आणि इथे तर मुद्दाम, ढिगाने, लोखंड घालायचे! लोखंड तेलापेक्षा आठ-नऊ पट जड, ते बसणारच. आणि शॉकअपचा पिस्टन काही वर्षांत लाखो वेळा खालीवर होतो. तेव्हा प्रश्न चुंबकाचा नव्हताच, तो राबड्याचा होता.

रॅबिनोव यांनाही हे ठाऊक होते. पूड खाली बसू नये म्हणून ते मिश्रणात ग्रीस वगैरे घालत. क्लच सतत फिरता असतो, तिथे हे भागूनही जाईल. पण रात्रभर दारात उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्याच खड्ड्यात शहाणी निघाली पाहिजे.

हा राबडा शहाणा करण्याचे श्रेय मुख्यत्वे लॉर्ड कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीचे आणि तिथल्या डेव्हिड कार्लसन यांच्या गटाचे. १९९० च्या दशकात त्यांनी जुना विषय नव्याने हातात घेतला. पूड तीच, कार्बोनिल लोखंडाची. लोखंड आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे संयुग तापवून फोडले, की शुद्ध लोखंडाचे जवळजवळ गोल कण मिळतात, काही मायक्रॉनचे. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. हे कण माझ्या किसासारखे धारदार नसतात. त्यांना धरून ठेवणारी द्रव्ये तेलात घातली, म्हणजे कण बसले तरी दगड होत नाहीत, पिस्टन दोनदा हलला की पुन्हा मिसळतात. कण बसूच नयेत हा हट्ट त्यांनी सोडला, हा मला त्यांचा सर्वांत मोठा शहाणपणा वाटतो.

पण खरे दुखणे पुढे निघाले. द्रव वापरता वापरता आपोआप दाट होत जाई आणि शेवटी त्याचे मलम होई. कार्लसन यांनी पुढे लेखांतून याचे कारण मांडले आहे. चुंबकाच्या दाबाखाली कण एकमेकांवर घासतात, त्यांच्या पृष्ठभागावरचा ठिसूळ पापुद्रा निघतो, आणि ते अतिसूक्ष्म कपचे तेलाला खळीसारखे दाट करतात. या एका दोषावर उपाय शोधण्यात कित्येक वर्षे गेली. अशा कामाचे फोटो छापून येत नाहीत. म्हणून माझ्या व्याख्यानातही ते नव्हते.

या द्रवाची परीक्षाही पायरीपायरीने झाली. १९९५ मध्ये तो व्यायामाच्या यंत्रांच्या ब्रेकमध्ये गेला. १९९८ मध्ये अवजड ट्रकच्या ड्रायव्हरच्या सीटखाली छोट्या डँपरमध्ये गेला. ट्रकची सीट म्हणजे कसोटीच, दिवसाला दहा तास दणके.

इथे सरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. उरलेले अर्धे वेगळ्या दिशेला होते. तेल क्षणात घट्ट होईल, पण कधी व्हायचे हे त्याला कोण सांगणार? १९५४ च्या गाडीत ते सांगणारे कोणी नव्हते. ना चाकाची हालचाल मोजणारे सेन्सर, ना आकडेमोड करणारी चिप.

आणि चिप असती तरी तिला शिकवायचे काय? याचे उत्तर १९७४ मध्ये डीन कार्नोप आणि त्यांचे सहकारी क्रॉस्बी व हारवुड यांनी दिले. त्यांनी अशी कल्पना केली, की गाडीचे धूड शॉकअपने चाकाला न जोडता वर आकाशाला टांगले आहे. रस्ता खाली काय वाटेल तो नाच करो, धूड स्थिर. आकाशात खुंटी मारता येत नाही हे उघड आहे. पण चाकाजवळचा शॉकअप योग्य क्षणी घट्ट आणि योग्य क्षणी सैल केला, तर त्या खुंटीचा बराचसा परिणाम मिळतो, असे त्यांनी गणिताने दाखवले. गाडी उचलायला वेगळी शक्ती लागत नाही, फक्त विरोध कमीजास्त करायचा.

शर्यतीच्या जगाने त्याऐवजी जड मार्ग धरला. लोटसने हायड्रॉलिक पंपाने गाडी प्रत्यक्ष उचलणारे सस्पेन्शन बनवले. १९८७ मध्ये आयर्टन सेन्नाने त्यावर मोनॅकोची शर्यत जिंकली. १९९२ मध्ये विल्यम्सच्या गाडीत अशाच प्रकारच्या सस्पेन्शनवर नायजेल मॅन्सेल विश्वविजेता झाला. १९९४ पासून फॉर्म्युला वनमध्ये त्यावर बंदी आली. पंप इंजिनाची शक्ती खातो, वजन वाढवतो आणि खर्चाचे तर बोलायलाच नको. रस्त्यावरच्या गाड्यांनी स्वस्त तोडगा काढला. टोयोटाने १९८३ मध्ये आणि शेवरोले कॉर्व्हेटने १९८९ मध्ये शॉकअपची भोके छोट्या मोटरने लहानमोठी करण्याची सोय दिली. पण मोटर फिरणार, झडप सरकणार, मग तेल अडणार. तोवर खड्डा मागे गेलेला असतो.

२००२ मध्ये डेल्फायने 'मॅग्नराइड' कॅडिलॅक सेव्हिल एसटीएसमध्ये आणले. द्रव लॉर्डचा. पिस्टनमध्ये कॉइल, पोकळ रॉडमधून गेलेली तार, आणि तेल जाण्यासाठी पिस्टनभोवती अरुंद वाट. सरकणारी झडप एकही नाही. तार तुटली तर साखळ्या बनत नाहीत आणि तो साधा मऊ शॉकअप म्हणून चालत राहतो. पुढच्याच वर्षी कॉर्व्हेटला पन्नास वर्षे झाली आणि तिच्यात ही सोय आली. २००६ मध्ये फेरारी ५९९, त्याच सुमारास ऑडीच्या टीटी आणि आर८. आपल्याशी थेट धागा म्हणजे २०११ ची रेंज रोव्हर इव्होक. तेव्हा लँड रोव्हर टाटांकडे येऊन तीन वर्षे झाली होती, आणि या घराण्यात मॅग्नराइड पहिल्यांदा आले ते इव्होकमध्ये.

जाहिरातीत सांगतात, की हे सस्पेन्शन सेकंदाला हजार वेळा रस्ता वाचते. मी माझ्या व्याख्यानातही हे वाक्य फेकले होते. आता हिशोब करून पाहू. ताशी १०० किलोमीटरला गाडी एका सेकंदात २७.८ मीटर जाते, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात पावणेतीन सेंटिमीटर. दीड फुटाचा खड्डा सोळा हजारांश सेकंदात संपला. वाचणे हजार वेळा झाले तरी जोर बदलायला काही हजारांश सेकंद लागतातच, तेव्हा लहान खड्ड्याच्या पहिल्या काठावर कोणतेही सस्पेन्शन चाणाक्ष नसते. पी हळद आणि हो गोरी, असे होत नाही. त्याचा खरा उपयोग संथ हालचालींत आहे. गाडीचे धूड सेकंदाला एक-दोनदा डोलते, चाक दहा-पंधरा वेळा थडथडते. त्या गतीला हा शॉकअप कोळून प्यायला आहे.

उशीर होता तो द्रवात नव्हता, पिस्टनच्या लोखंडात होता. कॉइलची वीज तोडली, तरी बदलत्या चुंबकत्वामुळे पिस्टनच्या लोखंडातच प्रवाह निर्माण होतात आणि पकड थोडा वेळ धरून ठेवतात. म्हणजे घट्ट झालेला शॉकअप सैल व्हायला कुरकुरतो. तिसऱ्या पिढीत एका कॉइलच्या जागी उलट गुंडाळलेल्या दोन छोट्या कॉइल आल्या. एकीमुळे उठणारा प्रवाह दुसरीमुळे उठणाऱ्याला मारतो. २०१२ ची कॅमारो झेडएल१ या पिढीतली. चुंबकीय शॉकअप ट्रॅकवर खऱ्या अर्थाने भरवशाचा झाला तो इथून पुढे, असे माझे मत आहे. पोर्शसारखे दिग्गज आजही झडपांच्याच शॉकअपवर आहेत आणि त्यांच्या गाड्या कुणाला हार जात नाहीत, हेही सांगितले पाहिजे.

मालकीची गोष्ट थोडक्यात सांगतो. डेल्फाय ही मुळात जनरल मोटर्सचीच सुटे भाग करणारी शाखा. ती १९९९ मध्ये वेगळी झाली, ऑक्टोबर २००५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि २००९ मध्ये तिचा सस्पेन्शनचा धंदा बीजिंग वेस्ट इंडस्ट्रीज या चिनी कंपनीने घेतला. मॅग्नराइड हे नाव आता त्यांचे. अमेरिकेचा अभिमान समजली जाणारी कॉर्व्हेट ते चिनी मालकीच्या कंपनीकडून घेते. लॉर्ड कंपनीही २०१९ मध्ये पार्कर हॅनिफिनने विकत घेतली. रॅबिनोव यांची पेटंट कधीच संपली होती. सप्टेंबर १९९९ मध्ये, म्हणजे सेव्हिल बाजारात यायच्या दोन-अडीच वर्षे आधी, ते वारले.

गेल्या श्रावणात सरांचा पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. १९५४ च्या पेटंटची छापील प्रत सोबत नेली, आणि एका बाटलीत माझे कीस-तेल. सरांनी आकृती चष्मा लावून बराच वेळ पाहिली. मग बाटली उचलली, उलटी केली. तळाचा गोळा तिथेच चिकटून राहिला, वरचे तेल खाली आले.

"हे बसतं, हे मी तेव्हा वाचलं नव्हतं," ते म्हणाले.

वाचनालयाने येत्या मार्गशीर्षात पुन्हा बोलावले आहे. स्लाइड बदलली आहे. पहिले नाव रॅबिनोव, साल १९४८. दुसरे कार्नोप. तिसरे कार्लसन आणि त्यांचा गट. डेल्फाय चौथ्या ओळीत. बाटली नेणार आहे, पण रात्री नीट हलवून.